तिसऱ्या बाकावरची बुधी

१

“बुधी झिपरू धोदडे,” पुंडलिक सरांनी हजेरीतून नाव वाचलं.

“हजर, सर.” तिसऱ्या बाकावरून एक मुलगी उभी राहिली. दोन घट्ट वेण्या, लाल रिबिनी, इस्त्रीचा फ्रॉक.

“ही माजी बुधी नाय,” दारातून कुणीतरी म्हणालं.

आम्ही सगळ्यांनी माना वळवल्या. दारात एक चाळिशीचा, काटक माणूस उभा होता. हातात स्टीलचं ताट. तो वर्गात आला नाही, उंबऱ्याबाहेरूनच बोलत होता.

“मी झिपरू. पोर ताट विसरली म्हनून द्यायला आलो. तुमी बुधी म्हनलं तर ही उठली. ही कोन हाय? माजी पोर कुठं हाय?”

पुंडलिक सर हसले. “अहो, नीट बघा. वेण्या घातल्यात म्हणून ओळखली नसेल.”

“बारा वरसं झाली तिला, सर. मी बाप हाय तिचा.”

झिपरूनं आता उंबरा ओलांडला. एकेक बाक बघत तो शेवटच्या भिंतीपर्यंत गेला आणि तिथून वळला तेव्हा त्याचा चेहरा बघवत नव्हता.

“आमच्या पाड्यावरची अकरा पोरं हायत या वर्गात. त्यातलं एक बी इथं नाय.”

तीस वर्षं शाळा तपासण्यात घालवलेली बाई मी. खोटे आकडे पाहिलेत, उसनी आणलेली पुस्तकं पाहिलीत, तपासणीच्या दिवशी रंगवलेल्या आणि बोट लावताच हाताला लागणाऱ्या भिंती पाहिल्यात. पण अकरा मुलं आपापल्या नावाला “हजर” म्हणताहेत आणि त्यातलं एकही ते मूल नाही, हे मी जन्मात पाहिलं नव्हतं.

२

मी आनंदी चुरी. निवृत्त केंद्रप्रमुख, म्हणजे दहा-बारा शाळांवर देखरेख ठेवणारी बाई. निवृत्त झाले तरी जित्याची खोड जाते थोडीच? बोईसरला नव्यानं आलेली, भाड्याच्या खोल्यांत राहणारी कुटुंबं मला विचारतात, “मॅडम, पोराला कुठल्या शाळेत टाकू?” मग मी त्यांच्यासाठी शाळा पाहून येते आणि जे दिसेल ते तोंडावर सांगते. त्यामुळे अर्ध्या तालुक्यातले मुख्याध्यापक मला चहा देतात आणि उरलेले मला बघून बाहेरगावी जातात.

या वेळी सहा कुटुंबं होती. त्यांच्या मुलांची खाजगी शाळा जूनमध्ये कुलूप लावून मोकळी झाली होती. त्यांची पुढारी कीर्ती, नवरा प्रीतम कारखान्यात ऑपरेटर, मुलगा चिराग सातवीचा. मीच त्यांना नवापूर रस्त्यावरच्या शेवरपाड्याच्या जिल्हा परिषद शाळेचं नाव सुचवलं होतं. सातवीच्या भाग्यश्री बाईंचा बोलबाला मी ऐकून होते. त्यांची मुलं नुसती वाचत नाहीत, वाचलेलं सांगतात, असं लोक म्हणायचे. पालकांच्या मनातल्या पंधरा प्रश्नांची यादी करून मी आठवडाभर आधी शाळेला पाठवली होती.

शाळेलाही आमची गरज होतीच. पटावर निदान तीन नावं वाढली नाहीत तर सातवी-आठवीचे वर्ग बंद. मग या मुलांना पाच किलोमीटरवर जावं लागणार, तेही कारखान्यांचे टँकर धावतात त्या रस्त्यानं. अशा रस्त्यानं आदिवासी पाड्यावरच्या किती मुली आठवीपर्यंत टिकतील, हे सांगायला केंद्रप्रमुख असावं लागत नाही.

मी आधी शुक्रवार मागितला होता, कारण आमच्या सगळ्या पुरुषांची सुट्टी शुक्रवारी. पण भाग्यश्री बाईंचाच फोन आला, “मॅडम, शनिवारी या. शनिवारी सकाळची शाळा, मुलं मोकळी असतात.” वर म्हणाल्या, “मी नसेन. मला कोळगावला प्रशिक्षण आहे.” मी चिडले. जिचं नाव ऐकून यायचं ती बाईच नाही! पण आले. प्रीतमसकट सगळ्या पुरुषांनी रजा टाकली.

आणि आता हे.

“तू कोण गं?” मी तिसऱ्या बाकावरच्या मुलीसमोर बसले. “खरं नाव सांग.”

“मेघाली.”

“कुणी आणलं तुला इथं?”

तिनं मान खाली घातली. तिच्या शेजारी बसलेल्या, गावातल्या खऱ्या मुलीनंही घातली. मी वर्गावर नजर फिरवली. आणलेली अकरा आणि गावातली सहा, सतराच्या सतरा माना खाली. घाबरलेलं मूल दाराकडे बघतं, हा माझा अनुभव. इथं दाराकडे कुणीच बघत नव्हतं.

हजेरीच्या आधी याच मेघालीनं आम्हाला धडा वाचून दाखवला होता. काय सुरेख वाचला! स्वल्पविरामाला थांबली, प्रश्नाला आवाज चढवला. कीर्तीनं तर माझा हात दाबला होता. फक्त “कितव्या पानावर आहे हा धडा?” असं मी विचारलं तेव्हा ती पानाकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, “थर्टी सेवन.” तेव्हा मला हसू आलं होतं. आता मी तेच पान तिच्यापुढं धरलं.

“सदतीस म्हणता येत नाही तुला?”

तिनं नकारार्थी मान हलवली आणि हमसून रडायला लागली.

ही अकरा मुलं इंग्रजी शाळेतली होती. शनिवारी इंग्रजी शाळांना सुट्टी. शनिवारी या शाळेत गणवेशही नसतो. कुणीतरी फार विचार करून हा वार निवडला होता.

बाहेरून झिपरूची हाक ऐकू आली. “बुधीऽऽ!” तो तळ्याच्या दिशेनं धावत सुटला होता.

३

“पोलिसांना कळवा,” कीर्ती म्हणाली. “अकरा मुलं म्हणजे काय गंमत आहे?”

“पोलीस कशाला?” असं म्हणत आले ते बळवंत सावे, शाळा समितीचे अध्यक्ष. पांढरा सदरा, गळ्यात चष्म्याची दोरी. “गावची अब्रू जाईल. पोरंच ती, असतील कुठं तरी रानात करवंदं शोधत.”

“जुलैत करवंदं, बळवंतभाऊ?” मी म्हटलं. “मला पंधरा मिनिटं द्या. त्यात मुलं दिसली नाहीत तर फोन मीच करीन.”

पहिले पुंडलिक सर, मुख्याध्यापक. ते कार्यालयात खुर्चीवर बसले होते, उठायचं त्राण नव्हतं.

“मॅडम, शपथेवर सांगतो, मला काही माहीत नाही. बदली होऊन पंधरा दिवस झाले. त्यातले दहा दिवस मीटिंगा. आठवी माझ्याकडे, सातवी बाईंकडे. चेहऱ्यांवरून नावं मला अजून येत नाहीत.”

“म्हणजे हजेरी तुम्ही घेणार हे ठाऊक असलेल्या माणसाचं काम.”

“मी यात नाही हो!” ते रडवेले झाले. “नोकरीची चार वर्षं राहिलीत.”

“बाई कुठं आहेत?”

त्यांनी हालचाल रजिस्टर पुढं केलं. शिक्षक शाळेबाहेर गेले की त्यात लिहून जातात. कालच्या तारखेखाली टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं: शनिवार, प्रशिक्षण, जिल्हा मुख्यालय, कोळगाव. खाली सही, भाग्यश्री वरठा. मी फोन लावला. बंद.

दुसरे बळवंतभाऊ. ओटीवर येरझारा घालत होते.

“तुम्हाला पाड्यावरची मुलं शाळेत नकोत, असं तुम्ही ग्रामसभेत म्हणालात म्हणे.”

“कोण म्हणतो?” ते उसळले. मग आवाज खाली आला. “म्हणालो असेन. पण कसं म्हणालो ते ऐका. गावातल्यांनी आपली पोरं बोईसरला धाडली, पाड्यावरच्यांनी नाय धाडली. शाळा कुणामुळं उघडी हाय? त्यांच्यामुळं. आनि तरी लोक म्हनतात, त्यांच्यामुळं शाळा बसली. मी तेच सांगत होतो.”

“आणि तुमचा नातू?”

भाऊंनी चष्म्याची दोरी बोटाला गुंडाळली. नातू बोईसरच्या इंग्रजी शाळेत जातो, हे मला आधीच कळलं होतं. दुसऱ्यांची पोरं कुठं शिकवावीत हे सांगायला आपण सगळे पुढे असतो.

“आजचा टेम्पो कुणाचा?” मी पुढचं विचारलं. “सकाळी सातला एक टेम्पो मुलं उतरवून गेला, असं येताना फाट्यावरचा दुकानदार सांगत होता.”

त्यांचा चेहरा उतरला. “माझाच. वाचनाचा कार्यक्रम हाय, बोईसरवरनं पोरं यायची हायत, असं सांगितलं मला.”

“कुणी?”

“जमनानं.”

जमनाबाई शाळेची खिचडी करते. गुडघा कामातून गेलेला, चालते ती भिंतीला हात लावून. स्वयंपाकघरात दोन शेगड्या. एकीवर खिचडीचं पातेलं. दुसरी रिकामी, पण मी हात जवळ नेला तर धग लागली, आणि कडेला पिवळी डाळ उतू गेलेली, अजून ओली.

“जमनाबाई, या शेगडीवरचं पातेलं कुठं गेलं?”

“घासायला काढलं.”

“मुलं जेवायची आहेत अजून. जेवणाआधी कोण पातेलं घासतं?”

तिनं पदर तोंडाला लावला.

“मुलं जिवंत आहेत ना, एवढंच सांग,” मी म्हटलं.

“अगं बाई, असं काय इचारतेस!” जमनाबाई धसकली. “मी काय राक्षीण हाय? पोटभर जेवतील पोरं.”

“कुणाच्या सांगण्यावरून करतेस हे?”

“माजी जीभ झडंल पन नाव निघायचं नाय. तिनं… त्यांनी काय बी वाईट नाय केलं.” आणि मग विषय बदलायला भराभरा बोलत सुटली. तांदूळ कसा खराब येतो, गॅस कसा पुरत नाही, बाई बिचाऱ्या बोईसरला एकट्या खोली घेऊन राहतात, कामावरून थकून जातात तरी शेजारची पोरं मराठीचे पाठ घ्यायला जमतातच, पावसात त्यांच्या खोलीत गळतं.

मी ऐकत होते. आणि बाहेर एकदम आरडाओरडा झाला.

४

झिपरूनं बळवंतभाऊंची कॉलर धरली होती. मागं पाड्यावरची पाच-सहा माणसं, दोन बायका. त्यातली एक छाती बडवत होती.

“याच्याच टेम्पोतनं ती पोरं आली! आमची याच टेम्पोतनं नेली असतील! सांग, कुठं टाकलीस?”

“अरे, मी नाय नेली! देवाशपथ!” भाऊंचा चष्मा खाली पडला.

एका माणसानं कुंपणाचा वासा उपसला. कीर्ती किंचाळली. आमच्यातली दोन कुटुंबं फाटकाबाहेर जाऊन रिक्षा शोधायला लागली होती.

“झिपरूदादा, सोड त्यांना,” मी मधे घुसले. साठीची बाई मधे आल्यावर वासा खाली येत नाही, एवढी आपल्याकडे अजून रीत आहे. “त्यांनी नाही केलं. मुलं इथंच आहेत. हाकेच्या अंतरावर.”

“कशावरनं?”

“जमनाबाईच्या गुडघ्यावरून. तिनं गरम पातेलं उचलून नेलंय. ही बाई फाटकापर्यंत धड चालत नाही. म्हणजे नेऊन नेऊन नेणार कुठं? मागच्या समाजमंदिरात.”

समाजमंदिर शाळेच्या भिंतीला लागून होतं. काखेत कळसा आणि झिपरू तळ्याला वळसा घालून आला होता. लोक धावले. मी त्यांच्या पुढं गेले आणि दारासमोर आडवी उभी राहिले. वासा अजून त्या माणसाच्या हातात होता आणि आत कोण आहे ते मला कळलं होतं.

“थांबा. दार उघडायच्या आधी मी सांगते ते ऐका. नाहीतर चुकीच्या माणसाला मार बसेल, नाहीतर बरोबर माणसाला जास्त बसेल.”

झिपरूचा श्वास फुलला होता, पण तो थांबला.

“आज आणलेली मुलं इंग्रजी शाळेतली. मराठी आकडा वाचता येत नाही, पण धडा घोटलेला. म्हणजे कुणीतरी त्यांना मराठी शिकवतं, तेही रोज. सरांना इथं येऊन पंधरा दिवस झाले. भाऊ स्वतःच्या नातवाला शिकवत नाहीत. बोईसरला शेजारच्या मुलांचे मराठीचे पाठ घेणारं माणूस कोण, ते मघाशी जमनाबाईच सांगून गेली.”

जमनाबाईनं कपाळाला हात लावला.

“शनिवार कुणी ठरवला? त्याच माणसानं. आणि त्या माणसाला आज प्रशिक्षण आहे, कोळगावला, जिल्हा मुख्यालयात. शनिवारी मुख्यालयाला सुट्टी असते. तिथं आज कुत्रंसुद्धा नसेल. पुंडलिक सर, तुमच्या ध्यानात नाही आलं?”

“नाही आलं हो,” सर म्हणाले.

“आणि सगळ्यात मोठं. सकाळपासून मी सतरा मुलांना विचारलं, एकानंही नाव घेतलं नाही. अध्यक्षाला कुणी मूल असं जपत नाही. मुख्याध्यापकाला तर नाहीच. पाड्यावरची अकरा पोरं हू की चू न करता सकाळपासून आत बसलीत. ती कुणाच्या शब्दावर बसतील?”

“भाग्यश्री बाई?” कीर्ती पुटपुटली. “पण त्या तर… तुम्ही तर त्यांच्यासाठीच आम्हाला…”

“नाय,” झिपरू म्हणाला. “ती आमच्यातली हाय. ती असं करायची नाय.”

मी दार ढकललं. त्याला कडीसुद्धा लावलेली नव्हती.

५

अकरा मुलं चटईवर ओळीनं बसली होती. आम्हाला बघताच अकराच्या अकरा मुलांनी तोंडावर बोट ठेवलं.

मधे पातेलं होतं, झाकलेलं. भिंतीला टेकवलेल्या पाटीवर अपूर्णांकाची वजाबाकी अर्धी सोडवलेली. आणि पाटीजवळ, हातात खडू घेऊन, साधी सुती साडी नेसलेली सावळी, तिशीची बाई बसली होती. ती कुजबुजत शिकवत होती. आम्ही आत येईपर्यंत तिचा शेवटचा शब्द ओठांवरच होता.

सगळ्यांत आधी एक किडकिडीत मुलगी उठली आणि झिपरूला न बघता मला म्हणाली, “म्याडम, पावने गेले का? आमी अजून बसू?”

मी दाराची चौकट धरली. कीर्ती माझ्या मागं होती, तिनंही ते ऐकलं.

“बुधी!” झिपरूनं तिला खेचून जवळ घेतलं. डोक्यावरून, खांद्यावरून हात फिरवत राहिला, मोडकं काही आहे का बघत असल्यासारखा. “कुनी कोंडलं तुला?”

“कुनी नाय, आबा. आमीच बसलो.”

“बाईंनी सांगितलं म्हणून?” मी विचारलं.

“बाई म्हनल्या, आज इथं शिकू, गंमत. पन मला म्हाईत हाय. मागल्या साली बी पावने आले होते. आमच्याकडं बघितलं आनि चाय पन नाय पिले.”

भाग्यश्री बाई उभ्या राहिल्या. पळून जायचा, खोटं बोलायचा काही प्रयत्न नाही. खडू मात्र त्यांनी खाली ठेवला नव्हता.

“तीन कुटुंबं आली होती, मॅडम,” त्या म्हणाल्या. “वर्गाच्या दारातूनच परत गेली. एक बाई फाटकाशी म्हणाली, अशा मुलांत आपलं मूल कसं बसवायचं. या पोरांनी ऐकलं ते. मी दोन महिने रोज त्यांना सांगत होते, ती बाई वेडी होती. या वर्षी निदान तीन नावं नाही आली तर वर्ग बंद. ही बुधी पाच किलोमीटर कशी जाईल? माझी आठवीतली मैत्रीण अशीच शाळेतून सुटली. मी एकटी शिकले आमच्या पाड्यातून, ती का नाही शिकली, तर शाळा लांब होती.”

“म्हणून मुलं बदललीस?”

“फक्त एक दिवस. नावं चढली की ही मुलं परत आपल्या बाकावर. दोन-चार महिन्यांत नवीन मुलांना यांची सवय झाली असती. मुलांना होते सवय. त्यांच्या आईबापांना होत नाही.”

“आणि तू स्वतः? तू तर शिक्षिका. तुला लपायचं काय कारण?”

भाग्यश्री माझ्याकडे बघत राहिली. मग हसली, आणि ते हसणं मला अजून विसरता येत नाही.

“माझ्याकडं बघितलं तरी कळतं ना, मॅडम, मी कुठली ते.”

जमनाबाई दाराशी बसून रडत होती.

“हे कुणी घातलं तुझ्या डोक्यात?” मी ओरडलेच. राग नक्की कुणाचा येत होता ते मलाच कळत नव्हतं. “आम्ही काही म्हणालो का? ही कीर्ती काही म्हणाली? न विचारता तूच ठरवलंस, आम्ही कसे आहोत ते?”

“विचारलं होतं ना, मॅडम. तुम्हीच.” तिनं पाटीमागून एक घडी केलेला कागद काढला. माझ्या अक्षरातली यादी. “नववा प्रश्न. वर्गात सोबत कुठल्या घरांतली मुलं असतात? मी तुम्हाला फोनवर विचारलं, याचा अर्थ काय. तुम्ही म्हणालात, ‘अर्थ तुम्हाला कळलाच असेल.’”

मी म्हणाले होते तसं. त्याच शब्दांत. प्रश्न मूळचा प्रीतमचा, आणखी उघडा होता. मी तो जरा सभ्य करून लिहिला होता आणि आपण किती समजूतदार, असं मला तेव्हा वाटलं होतं. तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुकांखाली लाल रेघ ओढणारी मी. त्या समाजमंदिरात मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

प्रीतम सगळ्यांच्या मागं उभा होता. त्यानं मान वर केली नाही.

६

शाळेच्या कार्यालयात आम्ही सगळे दाटीवाटीनं उभे होतो. रिक्षा शोधणारी दोन कुटुंबं निघून गेली होती. उरलेली चार एकमेकांकडे बघत होती. मधल्या वेळात मी बुधीला धडा वाचायला दिला होता. तिनं पान उघडलं, मान तिरकी करून सदतीस म्हणाली आणि वाचायला लागली. मेघालीइतकं सुरेख नाही. पण मधेच थांबून म्हणाली, “म्याडम, हे पुस्तकात चुकीचं लिवलंय. असं झाड आमच्याकडं पावसाळ्यात फुलतं.” बाईंचं नाव उगाच झालं नव्हतं.

कीर्तीनं सरांसमोर हात पुढं केला. “प्रवेशाचा फॉर्म द्या.”

“कीर्ती, विचार करू जरा,” प्रीतम हळूच म्हणाला.

“तूच केलास ना विचार, नऊ नंबरचा?” ती म्हणाली. “चिराग इथं बसेल. या मुलीच्या शेजारी बसेल.”

तिच्यामागून आणखी एका बाईनं फॉर्म घेतला. मग तिसरीनं. भाग्यश्री बाई कोपऱ्यात उभ्या होत्या, त्यांना चौकशीला सामोरं जावं लागणार हे त्यांनाही माहीत होतं. तरी फॉर्म मोजताना त्यांचे डोळे भरून आले. मलाही वाटलं, चला, एवढं अघटित घडलं पण शेवट गोड होतोय. आम्हा शहाण्यांना असं फार लवकर वाटतं.

“सर,” झिपरू म्हणाला. “मला बी एक कागद द्या. दाखल्याचा.”

“कसला दाखला?”

“शाळा सोडल्याचा. बुधीचा.”

सरांनी हातातली फाईल मिटली.

“दादा, नका हो,” भाग्यश्री पुढं आली. “माझ्यावर राग काढा. मी जाते हवं तर इथून. तिला नेऊ नका. लांबच्या शाळेत ती टिकायची नाही.”

“मी सोडीन सायकलीवर. रोज सोडीन.”

“तुमचं काम?”

“बघीन.” तो तिच्यावर ओरडला नाही, त्यानं ते अवघड झालं. “बाई, तू तिला चांगलं शिकवलं. मला म्हाईत हाय. घरी येऊन ती मला शिकवते. पन आज तू तिला काय शिकवलं? पावने आले की आपन मागं जाऊन बसायचं. ते ती एका दिवसात शिकली. मला इचारते, अजून बसू का? हे आता तिच्या डोक्यातनं मी कसं काढू?”

भाग्यश्रीनं हातातला खडू अखेर टेबलावर ठेवला.

“झिपरू, आता सगळं बदलेल,” मी म्हणाले. “ही नवीन मुलं येताहेत. वर्ग टिकेल. मी स्वतः येऊन बघत जाईन.”

“तुमी शाळा बघता ना, म्याडम? लोकांना सांगता, घाला, घालू नका?”

“हो.”

“आमच्या पाड्यावर कदी आल्या नाय सांगायला.”

तो चिडून म्हणाला नाही, नुसती नोंद केल्यासारखं म्हणाला. मी तीस वर्षं या पट्ट्यात फिरले. पाड्यावर पट मोजायला गेले, पोषण आहार बघायला गेले. कुठल्या बापाला ‘तुझ्या पोरीसाठी कुठली शाळा बरी’ हे सांगायला एकदाही गेले नाही. त्यांना निवडायचं असतं, हेच माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

पुंडलिक सरांनी चाचरत अर्जाचा नमुना दिला. झिपरूनं तो माझ्यापुढं सरकवला. “मला एवढं लिवता येत नाय. तुमी लिवा.”

एका टेबलावर कीर्ती चिरागचा प्रवेश अर्ज भरत होती आणि तिच्या कोपराला कोपर लावून मी बुधीचा दाखल्याचा. नाव लिहिलं. इयत्ता लिहिली. बुधी बापाच्या मागं उभी होती. “आबा, नको ना,” ती एकदाच म्हणाली. त्यानं तिचा हात धरून ठेवला.

शेवटचा रकाना आला. शाळा सोडण्याचे कारण.

“काय लिहू, झिपरूदादा?” मी विचारलं. इतकी वर्षं या रकान्यात मी ठरलेलंच वाचत आले होते. स्थलांतर. घरकाम. लग्न.

तो खिडकीतून बाहेर बघत राहिला. मग म्हणाला, “लिवा, पोर पावन्यांना दिसायला नको होती.”

मी तसंच लिहिलं. माझं अक्षर एवढं वाईट कधी आलं नव्हतं.

कागद मी त्याच्याकडे वळवला आणि सवयीनं शाईचा पॅड पुढं केला. त्यानं पॅड बाजूला सारला, माझ्या हातातलं पेन घेतलं आणि वाकून, एकेक अक्षर जुळवत सही केली. बुधी त्याच्या खांद्यावरून बघत होती. ‘रू’ काढताना तो अडला, तेव्हा तिनं डोळे पुसले आणि बोटानं टेबलावर काढून दाखवला.